उदाहरणादाखल फुटलेला बॉयलर

सक्करदऱ्यातल्या आमच्या गल्लीला मी एका उन्हाळ्यात इंग्रजी शिकवून सोडणार होतो! असं मी भर बैठकीत बोललो. बोललो म्हणजे पुटपुटलो; पण शेजारी बसलेल्या भैय्याजींनी ते उचललं आणि खड्या आवाजात जाहीर केलं, "वामनराव साऱ्यांले इंग्रजी शिकवून राहिले!" टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर माघार घ्यायलाही धाडस लागतं. ते माझ्याजवळ कधीच नव्हतं.

माझी सारी नोकरी एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात गेली. माणसांपेक्षा पुस्तकांशी माझं बरं जमतं. पुस्तक मध्येच मिटलं तर ते रागावत नाही. शब्दकोश तर मी लोक कादंबरी वाचतात तसा वाचतो. शेवट काय होतो ते ठाऊक असूनही!

भैय्याजी पानठेला चालवायचे आणि गल्लीचं मंडळही. ठेल्याशेजारी मंडळाचा फळा होता. कोणाची म्हैस हरवली, कोणाची मयत किती वाजता निघणार, नळ कधी येणार, सगळं फळ्यावर. ज्याला वाचता येई तो मोठ्यानं वाची आणि बाकीचे ऐकत. वर्तमानपत्रावर आमच्या गल्लीचा विश्वास नव्हता. फळ्यावर मात्र डोळे मिटून होता. त्याच फळ्याचा खालचा अर्धा भाग मला मिळाला. मी रोज लिही: आजचा शब्द, त्याचा अर्थ, मग त्याचा उपयोग एका इंग्रजी वाक्यात आणि खाली त्याच वाक्याचं मराठी.

घोटाळा उपयोगातच होता. इंग्रजी कोणी वाचत नसे. मराठी वाक्य मात्र सगळ्यांच्या कानांवर जाई, आणि सगळे ते खरं मानत! मी 'हंग्री' शब्द दिला, उदाहरण दिलं, 'कुत्रा भुकेला आहे.' संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या कुत्र्याला इतक्या भाकरी मिळाल्या की तो दोन दिवस भुंकला नाही. 'डस्टी'चं उदाहरण दिलं, 'रस्ता धुळीचा आहे.' भैय्याजींनी लगेच रस्त्यावर पाणी मारून घेतलं आणि मला म्हणाले, "मास्तर, बरं केलं लिवलं. कोणाचं ध्यानच नव्हतं."

उदाहरण म्हणजे खबर नव्हे, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पण खरं सांगू? माझं लिहिलेलं कोणी वाचतंय, एवढ्यानंच मी हुरळून गेलो होतो.

आमच्या भिंतीला भिंत लावून रंभाबाई राहायची. एकटी, वयानं माझ्याएवढीच. लोकांच्या शेवया करून द्यायची. तिची शेवई इतकी बारीक की सुईच्या नेढ्यातून ओवावी! तिचा एकुलता एक मुलगा रुपराव खापरखेड्याला वीजघरात बॉयलरवर कामाला होता. सून जयवंता पहिल्या बाळंतपणाला माहेरी मौद्याला गेली होती. रंभाबाईनं जुन्या लुगड्याचं दुपटं शिवून ठेवलं होतं आणि ती रोज मला कुंपणावरून विचारायची, "काऊन भाऊ, खापरखेड्याच्या लोकायले रविवार नाही राहत का?"

"असतो. पण पाळ्या असतात."

"हौ, पाळ्या असतीन," ती म्हणायची. "पोट्टा कामाचा आहे माह्या. त्याच्याशिवाय त्यायचं पानही नाही हालत."

रुपराव दिवाळीनंतर आला नव्हता.

मे महिन्यातल्या एका सकाळी मी 'इनअटेन्टिव्ह' हा शब्द निवडला. लक्ष नसलेला, बेसावध. फार नाजूक शब्द आहे. लोक त्याला केअरलेसच्या शेजारी बसवतात, ते मला पटत नाही. केअरलेस माणसाला पर्वाच नसते. इनअटेन्टिव्ह माणसाला पर्वा असते, पण त्याचं चित्त भलतीकडे असतं. शिवाय हा शब्द एकट्यानं पुरा खुलत नाही. लक्ष कशाकडे नाही, ते त्याच्यापुढे सांगावं लागतं. हे सगळं मी कुसुमला, म्हणजे बायकोला, समजावून सांगितलं.

"तुमच्यासाठीच बनवला दिसतो शब्द," ती म्हणाली. "उदाहरण मी सांगू? 'म्हातारा वाचत बसला आणि दूध उतू गेलं.'"

घरातली गोष्ट रस्त्यावर नेणं मला बरं वाटलं नाही. म्हटलं, जरा आधुनिक, यंत्रयुगातलं उदाहरण द्यावं. बराच विचार करून मी लिहिलं, 'बेसावध कामगाराचे लक्ष नव्हते. बॉयलर फुटला.' छोटी, नीटस वाक्यं! मला फार आवडली. घरी आलो, जेवलो आणि त्याच आनंदात झोपलो.

मी झोपल्यावर फळ्याजवळ काय झालं ते नंतर कळलं. भैय्याजींनी वरच्या भागात लिहिलं, 'आज दुपारी लाईट राहणार नाही.' मग एका गाईनं फळ्याला पाठ घासली. 'आजचा शब्द', त्याचा अर्थ आणि इंग्रजी वाक्य तिच्या पाठीवर गेलं. फळ्यावर राहिलं ते असं: 'आज दुपारी लाईट राहणार नाही. बेसावध कामगाराचे लक्ष नव्हते. बॉयलर फुटला.'

आणि ठरल्या वेळी लाईट गेली!

मला जाग आली ती घामानं आणि रडण्याच्या आवाजानं. पंखा बंद होता. कुसुम मला गदागदा हलवत होती.

"अहो, उठा! खापरखेड्याचा बॉयलर फुटला म्हणतात! रंभाबाईचा रुपराव..."

एवढं बोलून ती बाहेर धावली. आता तुम्ही म्हणाल, 'बॉयलर फुटला' हे शब्द ऐकताच मला आठवायला हवं होतं. हवं होतं! पण नाही आठवलं. मी चष्मा शोधला, चप्पल उलटसुलट घातली आणि बाहेर धावलो. ज्या पोराला मी गोट्या खेळताना पाहिलं त्याच्यासाठी माझेही डोळे भरून आले.

अंगणात रंभाबाई कपाळ बडवत होती. "रुप्या रे! माह्या रुप्या!" बायका तिला धरत होत्या. भैय्याजींचा मेव्हणा खाणीतून कोळसा आणायचा; त्याचा रिकामा ट्रक त्याच वेळी तिकडे निघाला होता.

"बसा, बसा!" भैय्याजी ओरडले. "तिकडेच जाऊन राहिला तो. मास्तर, तुम्ही बी चढा!"

कुसुम रंभाबाईला धरून आधीच वर बसली होती; मला चार जणांनी पोत्यासारखं वर ओढलं. ट्रक निघाला. तळाशी कोळशाची भुकटी होती आणि वर मेचं वारं. इतवारीचा बाजार ओलांडेपर्यंत आम्ही सगळे काळे झालो होतो. रडणाऱ्यांच्या गालांवरून तेवढे पांढरे ओघळ दिसत.

बऱ्याच वेळानं मी भैय्याजींच्या कानाजवळ तोंड नेलं. "खबर कोणी आणली? तार आली का?"

"तार कायची? फळ्यावर आहे ना!"

"काय आहे?"

"'बेसावध कामगाराचे लक्ष नव्हते. बॉयलर फुटला.'"

वाक्यं ओळखीची वाटली. खरं तर चांगली वाटली. कोणीतरी नेमकं लिहिलंय, असंही मनात येऊन गेलं. आणि मग...! पायाखालची जमीन सरकते म्हणतात. माझ्या पायाखालचा तर ट्रकच चालला होता, तोही ताशी तीस मैलांनी!

सांगायला हवं होतं. मी घसा खाकरला. आवाज हुंदक्यासारखा निघाला. शेजारच्या बाईनं माझी पाठ थोपटली. "रडा भाऊ, रडा, मोकळे व्हा." मी हात वर केला, भैय्याजींना वाटलं मला चक्कर येतेय, त्यांनी मला खाली बसवलं आणि डोक्यावर ओला रुमाल टाकला. त्याखाली बसून मी वाक्य जुळवत राहिलो. रेल्वेचं फाटक बंद होतं म्हणून ट्रक थांबला, इंजिन बंद झालं, आणि त्या शांततेत मी एका दमात म्हणालो, "बॉयलर फुटला नाही! ते उदाहरण आहे! मी लिहिलंय!"

सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मग भैय्याजी हळूच म्हणाले, "मास्तरच्या डोक्यावर परिणाम झाला."

"नाही हो! शब्दाचा उपयोग दाखवायला... रोज नाही का मी..."

"असन बाप्पा उदाहरण. पण लाईट गेली का नाही गेली? ते सांगा!"

लाईट तर गेली होती. खरं म्हणजे त्या क्षणी मलाही शंका आली. आपण लिहिलं आणि तिकडे खरंच...? माझा स्वतःवर एवढाही भरवसा नाही हो!

रंभाबाईनं माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, माह्या जिवासाठी खोटं नोका बोलू. आता निघालीच आहो तं पाहू द्या मले, जसा असन तसा."

फाटक उघडलं.

खापरखेड्याच्या कॉलनीत आम्ही उतरलो तेव्हा दृश्य असं: ट्रकभर माणसं, काळीठिक्कर, ऊर बडवणारी! नळावरच्या बायका आमच्याकडे पाहतच राहिल्या. एकीनं विचारलं, "काय झालं वं माय?"

"बॉयलर फुटला ना!" भैय्याजी म्हणाले.

"कुठचा?"

"तुमचाच!"

तिच्या हातून घागर सुटली. "अवं, माह्या घरवाला पाळीवर आहे!" ती पदर खोचून वीजघराच्या फाटकाकडे धावली, तिच्यामागे नळावरच्या साऱ्या. आम्ही खबर घ्यायला आलो होतो. आम्हीच खबर झालो!

रुपरावचं क्वार्टर कोणीतरी दाखवलं. दारात मांडव होता. आंब्याची पानं, रांगोळी, आत बायकांचं गाणं. रंभाबाईला काही दिसलं नाही. ती "रुप्या रे!" करत मांडवात घुसली आणि गाणं चिमणीची वात विझावी तसं विझलं.

समोर रुपराव उभा होता. नवा सदरा, कपाळाला कुंकू, हातात पेढ्यांचं ताट.

"माय?" तो म्हणाला. "तुह्यं तोंड काहून काळं?"

तिनं दोन्ही हातांनी त्याचं तोंड चाचपलं. गालावर, कपाळावर, नाकावर काळी बोटं उठली. "आहे ना रे तू? आहे ना?"

"आहो ना माय! मले काय झालं?"

ती हसली. मी तिला इतकं हसताना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. रडणं आणि हसणं एकाच वेळी, कोळशातून. आम्हीही हसू लागलो. भैय्याजींनी तर एक पेढा तोंडात टाकला.

मग तिचं हसणं हळूहळू थांबलं. ती त्याच्या खांद्यावरून आत पाहत होती. आत पाळणा होता. पाळण्याला झेंडूची माळ होती.

"हे बारसं कोणाचं वं?" तिनं कुसुमला विचारलं. कुसुमनं तिचा हात घट्ट धरला.

जयवंताची आई अंजनाबाई बाहेर आली. ती मौद्याहून साऱ्या गोतावळ्यासह आलेली. "अवं इहीणबाई, शुभ कामात असं बोंबलत येते का कोणी? लेकरू दचकलं ना!"

मांडवात खुर्चीवर रुपरावचे साहेब बसले होते. चांगले गृहस्थ असावेत. आवाज मऊ होता. "रुपराव, या कोण?"

"माझी आई, साहेब."

"आई? आत्ता आल्या? अहो, नाव तर ठेवून झालं. यांना बोलावलं नव्हतं का?"

त्यांनी सहज विचारलं. पण मांडवातला प्रत्येक माणूस रुपरावकडे पाहू लागला. त्याच्या हातातलं ताट वाकडं झालं, एक पेढा घरंगळला. "निरोप... म्हणजे, मी... ध्यानातच..." त्याचे कान लाल झाले होते. मी त्याच्याजवळच उभा होतो. तो मला एवढंच पुटपुटला, "काका, रोज वाटे, उद्या जाऊन सांगतो. मग पाळी लागे. मग वाटलं, सांगतलंच आहे."

खोटं बोलत नव्हता तो. मला लाज वाटते सांगायला, पण तशा वेळीही माझ्या डोक्यात शब्दच फिरत होते. केअरलेस म्हणावं? नाही. पर्वा होती त्याला. मग आईकडे लक्ष नसलेला... बस, माझं काम झालं होतं! शब्द अगदी चपखल बसला होता आणि त्याचा कोणाला काडीचा उपयोग नव्हता.

आता मी बोलणार होतो. फळा, गाय, उदाहरण, सगळं सांगून लोकांचं लक्ष त्या पोरावरून माझ्यावर आणणार होतो. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात रंभाबाई पुढे झाली.

"देलता ना साहेब, त्यानं निरोप! मांगच्या आठवड्यातच माणूस पाठोलता. मीच इसरली. वय झालं, काई ध्यानात नाही राहत. आज याद आली, तं अशी धावतपळत आली."

"मंग रडत काहून आल्या?" अंजनाबाईनं विचारलं.

"उशीर झाला म्हणून रडली वं बाई," रंभाबाई म्हणाली.

सगळे हसले. साहेबही हसले. "आजीबाई, आमच्या आईचंही असंच आहे." रुपरावनं श्वास सोडला. पुन्हा गाणं सुरू झालं.

"बाळ घेऊ द्या वं एक डाव," रंभाबाई म्हणाली.

"आधी हात धुवा. कोळसा आहे साऱ्या आंगाले."

ती नळावर गेली. कोळसा असा लवकर जातो होय? ती घासत राहिली, माती लावून, मग राखेनं. मी पाणी ओतत होतो. "रंभाबाई," मी म्हणालो, "चूक माझी आहे. मी आत जाऊन सगळं सांगतो."

"नोका, भाऊ. तुमचं फळ्याचं निघालं का मंग बाकीचंही निघते." तिनं नखांकडे पाहिलं. "एक काम करा. लेकराचं नाव काय ठेवलं, ते विचारून या. मी विचारली तं बरं नाही दिसत."

मी विचारून आलो. हेमराज.

"हेमराज," ती म्हणाली. "चांगलं आहे."

हात धुऊन ती आत गेली तेव्हा बाळ झोपलं होतं. झोपलेलं लेकरू उचलू नये म्हणतात. तिनं दारातूनच पाहिलं. दुपटं घाईत घरीच राहिलं होतं.

परतीच्या वाटेवर ट्रक कोळशानं भरला होता, म्हणून आम्ही बसनं आलो. सगळे आता रंभाबाईवर चिडले होते.

"निरोप आलता तं सांगाचं नाही का, काकू?" भैय्याजी म्हणाले. "फुकटचं रडून राहिलो आम्ही."

"इसरली ना बाप्पा," ती म्हणाली.

माझं नाव कोणी घेतलं नाही. बॉयलरचं काय झालं, हेही कोणी विचारलं नाही. काही दिवसांनी गल्लीत पक्कं झालं की रंभाबाईनंच फळ्यावर काहीतरी उलटसुलट वाचलं. तिला अक्षरओळख नव्हती, हे कोणाच्या मनात आलं नाही! मी भैय्याजींना सांगून पाहिलं. "भैय्याजी, ती काही विसरली नव्हती हो."

"तुम्हाले काय माहीत, मास्तर? तुमचं ध्यान राहते का कुठं?"

मी पान घेऊन परत फिरलो. आणि तिनं 'नोका' म्हटलं होतं, तेही होतंच.

मग शेवयाही कमी झाल्या. "मीठ टाकलं का नाही, तिले याद राहीन का?" असं म्हणून बायका रवा-पीठ दुसरीकडे देऊ लागल्या. रंभाबाईनं कोणाला अडवलं नाही. उलट कोणी समोर भेटलं की स्वतःच म्हणायची, "काय करू, ध्यानातच नाही राहत." इतकी सफाई आली तिच्या बोलण्यात की एकदा मलाच शंका आली.

पोळ्यानंतर रुपराव आला. जयवंता आणि बाळही होते. कुंपणापलीकडे रंभाबाई हेमराजला दुपट्यात घेऊन बसली होती आणि त्याला अंगणातल्या एकेका वस्तूचं नाव सांगत होती. रुपराव माझ्याकडे आला. कुसुमनं दोघांनाही चहा आणून दिला. तो बशीत ओतून फुंकत राहिला.

"काका, एक सांगाचं होतं. मायचं आजकाल काही खरं नाही. तिले काई याद नाही राहत. बारशाचा निरोप पाठोला, तं तेही इसरली. तुम्ही शेजारी आहा, जरा लक्ष ठेवा तिच्यावर."

मी त्याच्याकडे पाहिलं. चेष्टा नव्हती. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.

"निरोप कोणाबरोबर पाठवला होतास रे?" मी विचारलं.

त्यानं कपाळ चोळलं. "तेच आठोत नाही पाहा. पण पाठोला होता. माय स्वतःच म्हणते ना!"

पलीकडून रंभाबाईचा आवाज येत होता, "हे तुळस. हे गाडगं. हे कोण? हे तं तुह्या बाबाची चप्पल."

माझ्याजवळ त्या वेळी सगळे शब्द होते, अर्थासकट.

"ठेवीन हो लक्ष," मी म्हणालो, आणि तोंड लपवायला आत गेलो. कुसुमला म्हटलं, "त्याच्यासाठी चहा टाक. आणि मलाही अर्धा कप."

"अहो," ती म्हणाली, "मग तुमच्या हातात काय आहे?"